वैशाखातलं पाणी

दोन मैलांत तीनदा गाडी थांबवणाऱ्या माणसाबरोबर मी कोकण पाहिलं, आणि त्याचा राग मला अजून आहे. उज्जैनमध्ये आमच्या मराठी मंडळींत चार माणसं जमली आणि त्यांचा विषय निघाला की सगळे हसायला लागतात. खाडीत मोटार घालणारे ओव्हरसियरसाहेब म्हणून ते लोकांच्या लक्षात राहिले आहेत. कोणीतरी मला म्हणतंच, बाई, तुम्ही तर सोबत होता, सांगा ना कसं झालं ते. मी सांगत नाही. चहा संपवते आणि उठते.

मी त्यांची भाडेकरू. मुलींच्या शाळेत नोकरी लागून उज्जैनला आले तेव्हा फ्रीगंजमधल्या त्यांच्या घराची पुढची खोली मला मिळाली, आणि ती नऊ वर्षं माझ्याकडे राहिली. मी त्यांना काका म्हणत असे, त्यांच्या बायकोला काकू. ते मला मास्तरीणबाई म्हणत. काकूंना ते कोणत्याच नावाने हाक मारत नसत. 'ऐकून राहिलीस का?' एवढं म्हणत, आणि काकू जिथे असतील तिथून येत.

त्यांचं घराणं सहा-सात पिढ्यांमागे फौजेबरोबर दप्तर सांभाळायला माळव्यात आलेलं. मूळ गाव कोकणातलं, असं ते अभिमानाने सांगत. पाहिलं मात्र त्यांच्या आजोबांनीही नव्हतं. त्या घराण्यात एक रीत होती. पुरुषांनी कोकणात जायचं नाही, पण सुना कोकणातूनच आणायच्या. त्याने घरातली भाषा आणि हाताची चव टिकते, असं म्हणे. काकू अशाच आणलेल्या, पंधराव्या वर्षी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या एका गावातून. आणायची रीत होती, परत भेटीला न्यायची नव्हती. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं थट्टा चालली आहे.

काका रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर होते, आणि रस्ता हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव विषय होता. म्हणजे रस्ता आणि जेवण, पण त्यांच्या दृष्टीने ते दोन विषय नव्हतेच. ज्या रस्त्यावर जेवलो नाही तो रस्ता पाहिला असं म्हणू नये, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. संस्थानाच्या काळात ते टांग्यातून तपासणीला जात, आणि त्यांच्या सरकारी डायरीत सगळं एकाच ओळीत लिहिलेलं असे. मैल सात, मोरीचा कठडा पडलेला, पाटलाकडे बाफले उत्तम, डाळीत हिंग कमी. मैल अकरा, खडी बारीक, ताक आंबट. नवं राज्य झाल्यावर भोपाळहून आलेल्या एका तरुण इंजिनियरने लाल शाईने विचारलं की सरकारी डायरीत ताकाचं काय काम. काका महिनाभर धुसफुसत होते. वाटसरूला ज्या रस्त्यावर घासभर अन्न मिळत नाही तो रस्ता अपुरा असतो, हे या पोराला कोण शिकवणार, असं ते माझ्या खोलीच्या दारात उभं राहून विचारत. खरं सांगायचं तर तेवढ्यापुरतं मला त्यांचं म्हणणं पटे.

मैलाच्या दगडांवरूनही त्यांनी असाच एक तमाशा केला होता. राजधान्या बदलल्या तसे दगडांवरचे आकडे बदलायचे हुकूम निघाले. आधी ग्वाल्हेर, मग सहा महिने ग्वाल्हेर आणि सहा महिने इंदूर, मग भोपाळ. काकांनी प्रत्येक वेळी रंगाऱ्याबरोबर उन्हात उभं राहून दगड रंगवून घेतले आणि प्रत्येक वेळी घरी येऊन सरकारचा उद्धार केला. जमीन होती तिथेच आहे, हे लोक अंतरं कशाला हलवून राहिले आहेत, असं ते म्हणत. लोकांना हे फार मजेशीर वाटे. मलाही वाटे. घरात काय चाललंय ते माझ्या लक्षात यायला वर्ष-दीड वर्ष गेलं.

घरात ते ताटाची तपासणी करत. पोळी उजेडाकडे धरून बघत. आमटीचा पहिला घोट घेऊन डोळे मिटत, आणि काकू पळी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहत. मग निकाल लागे. 'पास' म्हटलं की काकू आत जात. बहुतेक वेळा 'दुरुस्ती पाहिजे' असंच म्हणत. ओला नारळ मिळत नसल्यामुळे सुकं खोबरं भिजवून वाटणाऱ्या, वर्षातून एकदा कोणा येणाऱ्याच्या हाती मिळालेली आमसुलं मोजून वापरणाऱ्या बाईला हा गृहस्थ सत्तावीस वर्षं रोज दोनदा सांगत होता की दुरुस्ती पाहिजे. आणि तिने कुठे चव घेतली होती, कोणत्या आमटीवर ती वाढली होती, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

सत्तावीस वर्षांत काकू माहेरी गेल्या नव्हत्या. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे बाळंतपणाचंही निमित्त नव्हतं. दर वर्षी जायचं ठरे आणि दर वर्षी काकांना कारण सापडे. आधी संस्थानाची तपासणी होती. मग लढाई लागली आणि पेट्रोल मिळेना. मग देश स्वतंत्र झाला, अशा वेळी रजा मागायची कशी. मग संस्थान विलीन झालं आणि कोणाची नोकरी राहते कोणाची जाते ते कळेना. मग राज्य पुनर्रचना आली, अर्धं ऑफिस भोपाळला निघालं, उरलेलं हादरून बसलं. कारण प्रत्येक वेळी खरंच असे, म्हणून भांडताही येत नसे. या देशाचा सगळा इतिहास काकूंच्या माहेरच्या वाटेत आडवा पडला होता. दरम्यान काकूंचे वडील वारले, तेव्हा तार सहा दिवसांनी हाती आली आणि काका म्हणाले, आता जाऊन काय होणार.

नवं राज्य झालं त्याच्या पुढच्या चैत्रात काकूंच्या भावाचं पत्र आलं. काकूंनी ते मला वाचायला दिलं, कारण त्यांना स्वतःला ते दुसऱ्यांदा वाचवेना. आईच्या उजव्या डोळ्याने दिसणं बंद झालं आहे, डाव्याने भर दुपारच्या उन्हात काय ते दिसतं, तेही पावसाळ्यापर्यंत जाईल असं डॉक्टर म्हणतात, आणि त्याआधी ताईला एकदा डोळ्यांनी पाहायचं असं आई रोज म्हणते. शेवटी त्याने लिहिलं होतं की रेल्वेने मुंबईला या आणि तिथून आगबोट घ्या, चौथ्या दिवशी घरी पोचाल.

काकांनी पत्र वाचून पुन्हा पाकिटात घातलं. मग म्हणाले, जायचं. काकूंनी पदराने तोंड पुसलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि मग ते म्हणाले की आगबोटीने जाण्यात अर्थ नाही, आगबोटीत रस्ता कुठे असतो, आपण मोटारीने जाऊ.

ती मोटार म्हणजे विलीनीकरणाच्या धांदलीत एका जहागीरदाराने काढून टाकलेली. तिच्या छताला पूर्वी मखमल होती, आता नुसते खिळे दिसत. काकूंनी मला सोबत चला म्हटलं. शाळेला सुट्टी होती, आणि काकूंनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. निघण्याआधी आम्ही दोघी टांगा करून भैरवगढला गेलो, आईसाठी जाजम घ्यायला. कापड छापणाऱ्या छिप्यांच्या दुकानात काकूंनी दोन तास घालवले. बारीक नक्षीचं सुंदर काम दुकानदाराने काढून दाखवलं, ते त्यांनी बाजूला सारलं. त्यांना तळहाताएवढी मोठी फुलं हवी होती, गडद लाल जमिनीवर काळी. त्याला त्या म्हणाल्या, "भैया, जरा दूर से देखना. दिखता है?" तो पाच पावलं मागे सरकला आणि दिसतंय म्हणाला, तेव्हा त्यांनी ते घेतलं.

उज्जैनहून निघून चिपळूणला पोचायला आम्हाला सहा दिवस लागले. तेवढे लागले असते तर मी बोलले नसते, मोटार जुनी होती. पण चिपळूणहून काकूंचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर होतं, आणि त्या दोन दिवसांचे काकांनी आठ दिवस केले. समुद्र दिसल्यापासून तो माणूस बेभान झाला. मोटारीचा असा रस्ता नव्हताच. बैलगाडीची लाल वाट होती, एका बाजूला माडाची बनं आणि दुसऱ्या बाजूला मैलोन्मैल रिकामा किनारा, माणूस नाही काणूस नाही. प्रत्येक मोरीपाशी काका उतरत. वाकून दगडांचे सांधे बघत, काठीने ठोकत, डायरीत लिहीत. मग जवळच्या घरात जाऊन विचारत की जेवायला काय आहे. ओळख नाही पाळख नाही, आणि ती भली माणसं खरोखर पानं वाढत.

आणि काय वाढत. तांदळाची पांढरीशुभ्र घावनं आणि नारळाच्या रसात कालवलेला गूळ. फणसाच्या कोवळ्या कुयरीची भाजी, वर ओलं खोबरं हात न आखडता. कुळथाचं पिठलं आणि मऊ भात. एका घरात फणसाच्या रसाची सांदणं मिळाली, ती मीही चार खाल्ली, काकांच्या नावाने बोटं मोडत खाल्ली. जेवणानंतर काका तिथल्याच ओटीवर दोन तास आडवे होत. उठल्यावर शहाळं. मग अर्धा मैल गाडी. मग कोणीतरी आंबे घेऊन बसलेलं दिसे.

मी एकदा म्हटलं की काका, जरा लवकर निघू या. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, जल्दी काय आहे? रस्ता कुठे पळून चालला आहे का?"

रस्ता पळत नव्हता. एका म्हातारीच्या डोळ्यांतला उजेड पळत होता, आणि हे त्यांना ठाऊक होतं, त्यांनी पत्र वाचलेलं होतं. मी रोज रात्री ठरवत असे की उद्या बोलायचं, आणि सकाळी काकू नजरेनेच मला नको म्हणत. दुपार झाली की त्या उन्हाकडे बघत. कुठल्याशा अंगणात काका घोरत होते आणि आम्ही दोघी सावलीला बसलो होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "आत्ता आईला दिसत असेल."

एका गावच्या खाणावळीत काकांनी आमटी कशी करावी यावर मालकिणीला पंधरा मिनिटं सांगितलं. बिल्कुल फर्स्टक्लास झाली आहे, पण फोडणीत मेथी पाहिजे, वगैरे. ती बाई सगळं ऐकून घेऊन काकूंच्या जवळ आली आणि हळूच विचारती झाली, यांना मराठी समजतं का? काकांनी ते ऐकलं. सात पिढ्या जपलेली भाषा आणि हाताची चव त्या एका प्रश्नाने उडाली. त्या दिवशी ते एकदाच जेवले. त्यांना राग आला होता, आणि त्यांच्या रागाची मला गंमत वाटली हे मी कबूल करते. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मालकिणीला तिच्याच बोलीत उत्तर दिलं, येत्ये बरीचशी, आणि उज्जैन सोडल्यापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा वाटला.

मग ती खाडी आली.

पलीकडे काकूंचं गाव होतं, खाडी ओलांडून दोन मैलांवर. आम्ही सकाळी साडेनऊला काठावर पोचलो. पाणी ओसरलेलं होतं. वाळू आणि चिखल दूरवर उघडा पडला होता, मधोमध एक अरुंद धार वाहत होती आणि एक लहान होडी माणसांना त्या धारेपलीकडे सोडत होती. मोटारी न्यायला दोन होड्यांवर फळ्या बांधून केलेला तराफा होता, पण तो चिखलात टेकलेला. तरीवाल्याने सांगितलं की भरतीचं पाणी चढलं की मोटार घेऊ, तिसऱ्या प्रहरापर्यंत थांबा.

आता बघा. हा माणूस आठ दिवस दर फर्लांगाला थांबत आला होता. घावनांसाठी थांबला, फणसासाठी थांबला, मोरीच्या दगडासाठी थांबला. पण स्वतःच्या मर्जीने. तरीवाल्याने थांबा म्हटलं आणि त्यांना एकदम घाई झाली. ते काठी घेऊन चिखलात उतरले, धारेपर्यंत चालत गेले, पाणी मोजलं. गुडघ्याच्या खाली चार बोटं. परत येऊन म्हणाले की उन्हाळ्यात नदी ओलांडायला तराफा कशाला पाहिजे. क्षिप्रेतून, चंबळेतून, काली सिंधेतून वैशाखात गाड्या घालतच त्यांचा जन्म गेला होता. माळव्यात उन्हाळ्यातली नदी म्हणजे कोरडी वाट, ती सकाळी जशी असते तशीच संध्याकाळी असते. तरीवाला पुन्हा म्हणाला की पाणी येईल. काका त्याच्यावर हसले.

"अरे भाई, वैशाख चालू आहे. वर एक ढग नाही. पाणी येणार कुठून?"

"रावसाहेब, ते वरून नाही येत," तो म्हणाला. "खालून येतं."

काकू पुढे झाल्या. साऱ्या प्रवासात त्या नवऱ्याशी आपणहून बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या की भरती लागली आहे, बारापर्यंत इथे पुरुषभर पाणी होईल, आपण मोटार इथेच ठेवू आणि होडीने जाऊ. काका म्हणाले, तू इथून गेलीस तेव्हा पंधरा वर्षांची होतीस, तुला काय मालूम. तीस वर्षं मी नद्यांवर काढली आहेत.

आम्हाला दोघींना आत बसवून त्यांनी मोटार खाली घातली. पन्नास-साठ पावलं ती बरी चालली. मग मागची चाकं चिखलात फिरू लागली, आणि जितकी फिरली तितकी रुतली. काका उतरले. फळी शोधली, दगड शोधले, काही नव्हतं. मग त्यांनी मागचं दार उघडून काकूंच्या पायापाशी गुंडाळून ठेवलेलं जाजम ओढलं, उलगडलं आणि चाकाखाली घातलं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. काका म्हणाले, दुसरं घेऊ ना, भैरवगढ कुठे गेलं. आणि परत जागेवर बसून त्यांनी मोटार चालू केली. तळहाताएवढी फुलं चिखलात गेली, चाक त्यांच्यावरून एकदा फिरलं आणि मोटार होती तिथेच राहिली.

काकू खाली उतरल्या. त्यांनी जाजमाकडे पाहिलं, ते उचललं नाही. साडीचा ओचा वर खोचला, चपला हातात घेतल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, येताय ना? ऊन आहे तोवर पोचायला हवं."

काका मोटारीतून म्हणाले, ऐकून राहिलीस का, पाच मिनिटं थांब. काकू थांबल्या नाहीत. लहानपणी शिकलेली पावलं असावीत ती. जिथे चिखल खोल तिथे त्या वळत होत्या आणि मी त्यांच्या पायांच्या ठशांत पाय ठेवत होते. आम्ही होडीत बसलो तेव्हा धारेचं पाणी उलटं, समुद्राकडून आत वाहायला लागलं होतं. मी मागे वळून पाहिलं. काका बोनेटला टेकून उभे होते आणि पाण्याकडे बघत होते, कोणीतरी त्यांना फसवलं असावं तसे.

त्यांना काही झालं नाही, हे सांगायला हवं. तरीवाल्याने त्यांना काठावर आणलं, मोटार दिवसभर पाण्यात राहिली, आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीला बारा माणसांनी दोर लावून ती ओढून काढली. ते बैलगाडीतून गावात आले, सासुरवाडीच्या ओटीवर बसले आणि हीच गोष्ट त्यांनी स्वतः रंगवून सांगितली. सगळे हसले. मग मोदक वाढले गेले. त्यांनी एक मोदक उजेडाकडे धरला आणि म्हणाले, पास.

काकू परत आल्या नाहीत. म्हणजे त्या वेळी आल्या नाहीत. आईची नजर पुरती जाईपर्यंत राहते, एवढंच त्यांनी सांगितलं, आणि विचारलं नाही. मोटार आलीच नाही, ती तिथल्याच कोणाला देऊन टाकली. मी आणि काका आगबोटीने आणि रेल्वेने परतलो. चौथ्या दिवशी उज्जैन.

गाडीत मी बोलले. इतक्या वर्षांत जेवढं बोलले नव्हते तेवढं एका बैठकीत बोलले. सत्तावीस वर्षं काय केलंत, आठ दिवस काय केलंत, सांदणं खात बसलात आणि तिकडे एक बाई ऊन मोजत होती. डब्यातले लोक ऐकत होते, मला पर्वा नव्हती. काका खिडकीबाहेर बघत होते. रेल्वेच्या कडेने एक सडक चालली होती आणि तिच्यावर मोऱ्या येत होत्या, पण ते त्या बघत नव्हते. मग म्हणाले, "मास्तरीणबाई, तिला इथलं कधी रुचलंच नाही. पाणी नाही रुचलं, खाणं नाही. एकदा तिकडे सोडलं असतं तर ती परत आली असती का? मी रोज हेच घाबरून राहिलो."

लोकांना वाटेल की हे ऐकून माझा राग गेला असेल. तो वाढला. भीती होती तर तिला भीती म्हणायचं होतं, तिच्यापाशी बसून म्हणायचं होतं. तपासण्या, लढाया, राज्यांच्या पुनर्रचना आणि मोरीचे दगड पुढे करून एका बाईला सत्तावीस वर्षं अडवून धरायचं, रोज तिच्या हातच्या अन्नाला नावं ठेवायची, आणि वर म्हणायचं की मी घाबरलो होतो. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे तुमचं. आणि इगतपुरीला उतरून त्यांनी माझ्यासाठी वडे आणले. मी खाल्ले नाहीत.

काकू आश्विनात परत आल्या, भावाबरोबर. त्यानंतर दर वैशाखात त्या माहेरी जात, रेल्वेने आणि आगबोटीने, आणि जाण्याचा दिवस काकांना आदल्या आठवड्यात कळत असे. 'दुरुस्ती पाहिजे' मी पुन्हा ऐकलं नाही. काका निवृत्त झाले, पुढे वारले. खाडीची गोष्ट ते शेवटपर्यंत सांगत असत, दर वेळी चिखल थोडा खोल होत जाई, आणि काकू आतून चहा आणून ठेवत. काकांना वाटे की सहल एकंदरीत यशस्वी झाली. म्हातारीचे डोळे होते तोवर लेक पोचली, मोटार बुडाली पण माणसं वाचली, आणि खाणं तर असं मिळालं की विचारू नका. मी त्यांना एक गोष्ट कधी सांगितली नाही. सांगायला हवी होती.

आम्ही त्या दिवशी दीडच्या सुमाराला पोचलो. संध्याकाळपर्यंत सगळं नीट झालं, रडणं झालं, आईने काकूंचा हात रात्रभर सोडला नाही. पण त्याआधीची ती दोन मिनिटं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. अंगणात कडक ऊन होतं. भाऊ शेतावर गेलेला, घरात दुसरं कोणी नव्हतं. आई पायरीवर उन्हातच बसलेल्या होत्या, रोज बसत असाव्यात तशा. काकू त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. आईंना दिसत होतं. डाव्या डोळ्याने त्यांनी काकूंना वरपासून खालपर्यंत पाहिलं, पिकलेले केस पाहिले, जाड झालेलं अंग पाहिलं, गुडघ्यापर्यंतचा चिखल पाहिला.

"या," त्या म्हणाल्या. "खाडीतून चालत आलात वाटतं. आधी पाय धुऊन घ्या. उज्जैनहून ना तुम्ही?"

काकूंनी मान हलवली.

मग आईंनी काकूंच्या खांद्यावरून मागे, अंगणाच्या फाटकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्याही मागे पाहिलं. "आणि आमची यमू? ती मागून येत्ये का?"

काकू खाली बसल्या, त्यांच्या पायापाशी, उन्हात.

"येत्ये, आई," त्या म्हणाल्या. "उशीर झाला तिला."